पाठीला पाठ लावून

गोरेगावकडून आमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटरसायकल चालवणाऱ्या माणसाला मागे बघायची सवय नसते. मागून येणारा हॉर्न वाजवेल, नाही वाजवला तर त्याचं तो बघेल, असा इथला साधा हिशोब. गाडीचे आरसे भांग पाडायच्या कामाचे, तेही असले तर. इंडिकेटर एकदा लागला की पुढच्या गावापर्यंत लुकलुकत राहतो, आणि खरोखर वळायचं झालं तर कोणी पाय बाहेर काढतो, कोणी नुसती मान हलवतो. एवढ्या सगळ्यांना रोज संध्याकाळी घरी सुखरूप पोचवायचं काम देवाने कशाला अंगावर घेतलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

दुधराम या लोकांपेक्षा काही वेगळ्या मातीचा नव्हता. पण त्याचा धंदा मुरमुऱ्यांचा. घरामागे भट्टी, आणि भाजलेला माल आठवडी बाजारांत नेऊन विकायचा. मुरमुऱ्याला वजन नाही, पण पसारा केवढा! मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना टम्म फुगलेली पोती बांधली की गाडी मागून गाडी वाटतच नसे. आरशात पोत्याशिवाय काही दिसत नसे, म्हणून आरसे काढून टाकलेले. इंडिकेटर पोत्यांखाली गाडलेले. मग मागचं बघायचं कोणी?

ते काम त्याची बायको कलाबाई करायची. दोन पोत्यांच्या मधल्या बेचक्यात ती नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून बसायची. मागच्या लोखंडी कॅरिअरवर पाय टेकवलेले, दोन्ही हात पोत्यांवर. लग्नानंतर पहिल्यांदा ती अशी बसली तेव्हा बाजारभर हसू झालं होतं. नवऱ्याचं तोंड बघवत नाही म्हणून उलटी बसते, असं बायका म्हणायच्या, आणि तीही हसून हो म्हणायची.

दोघांचा एक नेम ठरून गेला होता. पुढे ट्रॅक्टर किंवा बैलगाडी आली की दुधराम वेग कमी करायचा. कलाबाई मागचा रस्ता बघायची. कोणी येत असेल तर कोपराने त्याच्या पाठीत एक धक्का, म्हणजे थांब. रस्ता मोकळा झाला की दोन धक्के, म्हणजे जा. आणि धक्के देऊन झाले की मागच्यांसाठी हात बाहेर काढायची. तिचा डावा म्हणजे त्याचा उजवा, हे अंगवळणी पडेपर्यंत सुरुवातीला तिने बऱ्याच ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. पुढे मात्र सगळं श्वास घेतल्यासारखं होऊन गेलं. वर्षानुवर्षं दुधरामने मान वळवून मागे पाहिलं नाही. पाठीमागे कलाबाई आहे म्हटल्यावर पाहायचं कशाला?

मागच्या वर्षी लग्नसराईत दोघांचं बिनसलं. कलाबाईच्या भावाच्या घरी, केशोरावकडे, नातवाचं बारसं होतं. ते नेमकं आमगावच्या बाजाराच्याच दिवशी. मोसमात बाजार बुडवायचा नाही म्हणून दुधराम अडून बसला. सकाळभर शब्दाला शब्द लागला, त्याने तिच्या माहेराचाही उद्धार केला, आणि शेवटी ती गप्प झाली. गप्प राहूनच तिने पोती बांधायला हात लावला आणि गप्पच पाठीला पाठ लावून बसली.

वाटेत धानाने भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला. समोरचा रस्ता रिकामा होता. दुधरामने वेग कमी केला, तेवढ्यात पाठीत एक धक्का बसला. नेहमीपेक्षा जोराचा. तो मागेच राहिला. ट्रॅक्टरचा धूर नाकातोंडात जात होता, बाजाराला उशीर होत होता, आणि 'जा'चे दोन धक्के काही येईनात. त्याच्या मनाने घेतलं की हा सकाळचा राग आहे. बाजारासाठी बारसं बुडवलंत ना, मग पोचा आता उशिरा, असं ती पाठमोरी सांगते आहे. एवढं डोक्यात आलं आणि त्याने गाडी उजवीकडे काढली.

मागून सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप त्यांना ओलांडून पुढे निघाली होती. तिचा फटका उजव्या पोत्याला बसला. दुधराम पोत्यासकट रस्त्याकडेच्या गवतात पडला, त्याला नुसतं खरचटलं. गाडी पडली ती कलाबाईच्या पायावर. फुटलेल्या पोत्यातून मुरमुरे रस्ताभर पांढरे पसरले आणि त्यात ती पडलेली. जीपवाल्यानेच सवाऱ्या उतरवून तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. मांडीत सळई टाकावी लागली. पाय वाचला, पण चाल लंगडी झाली.

लोकांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना दोष दिला, जीपवाल्याला, ट्रॅक्टरवाल्याला, रस्त्याला. कलाबाईने कोणाला दिला नाही. त्या एका धक्क्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, आणि दुधरामनेही विषय काढला नाही. दोघं एका पातेल्यातली भाजी वाढून घेत, भट्टीवर शेजारी बसत, आणि ती गोष्ट दोघांच्या मध्ये तशीच पडून राहिली. अशा गोष्टी घरात पडून राहिल्या की सडतात, हे दुधरामला कळत होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं.

कलाबाई त्यानंतर मोटरसायकलवर बसली नाही. दवाखान्यात जायचं तर एसटीने, एकटी, काठी टेकत. दुधराम एकटाच बाजार करू लागला. पोती लहान केली आणि लांब दांड्यांचे दोन नवे आरसे लावले. पण आरशात रस्ता मोकळा दिसला तरी त्याचा हात वळेना. पाठीला कोणी सांगत नाही तोवर पुढे जायचंच नाही, असं शरीराने ठरवून टाकलेलं. बैलगाडी पुढे असली तर तो बैलगाडीमागे, म्हशींचा कळप असला तर कळपामागे. पोरं त्याला गार्डचा डबा म्हणू लागली, मालगाडीच्या शेवटी असतो तो. तो ऐकून घ्यायचा. बाजारात पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असायच्या आणि तो कुठेतरी कडेला आपलं पोतं उघडून बसायचा.

या उन्हाळ्यात एका दुपारी केशोरावचा फोन आला. आमगावजवळच्या गावात, माहेरी, कलाबाईची माय शेवटच्या घटका मोजत होती आणि लेकीचं नाव घेत होती. एसटी नुकतीच निघून गेली होती. जीप भरायला किती वेळ लागेल, कोण सांगणार? कलाबाई काठी घेऊन अंगणात आली आणि म्हणाली, गाडी काढा.

पाय वळत नव्हता म्हणून ती एका बाजूला पाय सोडून बसली, हात दुधरामच्या खांद्यावर. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच अशी बसत होती. गावाबाहेर पडले, आणि थोड्याच वेळात पुढे ट्रॅक्टर आला. तणसाने, धानाच्या पेंढ्याने भरलेली ट्रॉली, रस्ताभर डुलणारी. दुधराम तिच्या मागे लागला आणि मागेच राहिला. समोरून कोणी येत नव्हतं. एक गाव गेलं, नाला गेला, तरी तो मागेच. कलाबाई त्याचा मानेपर्यंत भिजलेला शर्ट बघत होती. तिकडे मायचा श्वास संपत होता आणि इकडे हा माणूस तणस हुंगत बसला होता.

"त्या दिवशी मले राग आला होता," ती म्हणाली. "पर धक्का रागाचा नव्हता."

दुधरामने गाडी आणखी हळू केली. "समजला मले ते. जीप लागली तवाच."

"मंग वरीसभर काऊन बोल्ले नाही?"

"कोन्या तोंडानं बोलू?"

ती म्हणाली, "पाय मोडला त्याचा मले काही नाही. कोनाचाई मोडते. पर मी रागानं खोटा सांगीन, असा तुमाले वाटला. त्याचा मले लागला."

सकाळी उठून भट्टी पेटवणारी, त्याच्या आईचं शेवटचं दुखणं काढणारी, उभ्या जन्मात एकदाही खोटं न बोललेली बाई. दिवसभर अबोला धरला तरी त्याचं ताट वेळेवर वाढणारी. तिचा राग आणि तिचा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकी वर्षं पाठीला पाठ लावून बसूनही त्याला कळलं नव्हतं. आपण हिला ओळखलंच नाही, हे त्या तणसाच्या ट्रॉलीमागे त्याला लख्ख समजलं.

"मांगं कोनी हाय का?" त्याने विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा.

कलाबाईने खांदा धरून कंबर वळवली. दुखत असणार, पण ती पूर्ण वळली.

"थांबा."

त्याने आरशाकडे पाहिलं. आरशात रस्ता मोकळा होता. समोरही मोकळा होता. तो थांबून राहिला. आरशाने काहीही दाखवलं तरी तो आज थांबणार होता. थोड्याच वेळात आरशात न आलेली एक मोटरसायकल, वर तीन पोरं, हॉर्न नाही, हात नाही, काही नाही, त्यांच्या कुशीला घासल्यासारखी निघून गेली.

"आता जा."

पण तो गेला नाही. खांदे हलत होते त्याचे. कलाबाईच्या हाताला ते कळलं.

"डोळे पुसा पयले," ती म्हणाली. "मांगचा मी पाहीन. समोरचा तं तुमालेच पाहा लागते."

दुधरामने बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि ट्रॅक्टरच्या बाजूने गाडी पुढे काढली. कलाबाईने आपला हात बाहेर काढून मागच्यांना दाखवला. पोचले तेव्हा मायचे डोळे उघडे होते आणि तिने लेकीला ओळखलं.