साडूंचा वाइनचा फ्रिज

उभ्या बदलापूर गावात वाइनची इतकी सेवा करणारा आणि इतकी कमी पिणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा झाला नसेल. वांगणीची जमीन सरकारी कामात गेली आणि मोबदला हाती आला तेव्हा त्यांच्या भाऊबंदांनी गाड्या घेतल्या. यांनी उल्हासनगरातून काचेच्या दाराचा, अठरा बाटल्यांचा फ्रिज आणला. "साईं, साफ रखना, बदबू नहीं आनी चाहिए," असं सिंधी दुकानदार सहज बोलून गेला आणि साडूंनी तो गुरुमंत्र मानला. दर रविवारी सकाळी फ्रिज बंद व्हायचा, बाटल्या पलंगावर चादरीत आडव्या निजायच्या आणि साडू कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या मऊ बनियनने एकेक फळी पुसायचे. साबण वर्ज्य. "बुचातून वास आत जातो रं," ते मला समजावायचे. दाराच्या रबराच्या खाचा टूथब्रशने, मग कोरडं फडकं, मग तासभर दार उघडं आणि शेवटी आत वाटीभर कोळसा. एकदा स्वयंपाकघरातला फ्रिज बिघडला म्हणून ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, कोलंबीचा डबा त्यात ठेवला. साडू तीन दिवस फ्रिज पुसत होते आणि तेवढे दिवस बायकोशी एक शब्द बोलले नाहीत. ताई म्हणाल्या, "तीन दिवस घर कसं शांत होतं. परत ठेवीन."

मग एका तापात साडूंचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही परत आला नाही. ते कुणाला बोलले नाहीत, पण आल्यागेल्याला फ्रिजसमोर वाकवायला लागले. मी अंबरनाथहून गेलो की चपला काढायच्या आधी माझं डोकं आत. "येतो काय?" "नाही." "नाय, नीट घे."

त्याच वर्षी ताई अंथरुणाला खिळल्या. कॅन्सर होता, ऑपरेशनची जखम भरत नव्हती. बाई ठेवायला साडू तयार होईनात. स्वतःच पाणी कोमट करायचे, मऊ फडक्याने त्यांना पुसायचे, चादरी बदलायचे. फ्रिजच्या रबरावर काळी बुरशी धरली, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. ताईंना मरणापेक्षा धास्ती एकच, भेटायला येणाऱ्यांना वास येईल. मग साडू मला फोन करायचे, "ये जरा." मी शिवमंदिराजवळून रिक्षा करून जायचो, पलंगाशी उभा राहायचो. पहिल्या श्वासालाच वास नाकात भरायचा. साडू दारातून माझ्या तोंडाकडे बघत असायचे. "नाही येत," मी म्हणायचो. ते मान डोलवायचे आणि पुन्हा पाणी तापवायला जायचे.

असेच एकदा ते आत गेले, तेव्हा ताईंनी माझं मनगट धरलं. "येतो ना?"

मी दाराकडे बघितलं.

"यांना सांगू नका, भावोजी. दिवसातून चारदा पुसतात हो."

ताईंचा दहावा उरकून आम्ही दोघे नदीवरून परतत होतो. साडू मध्येच थांबले.

"खोटं बोलायचास ना?"

मी होकाराची मान हलवली.

"मला कळायचं. बाहेर पडलास की पहिला रुमाल काढायचास." थोडं चालल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तिला तर नव्हतं ना रं कळत?"

"नाही," मी म्हणालो.

"मग बरं झालं," ते म्हणाले आणि गावाकडे चालू लागले.