येळवसेची तीन आवतणं

येळवसेच्या एकाच दिवसाची तीन आवतणं मी घेऊन बसलो, ही चूक माझीच. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आम्ही येळवस म्हणतो, आणि त्या दिवशी आमचं सोलापूर निम्मं रिकामं होतं. ज्याला रान आहे तो टोपली-मडकी घेऊन रानात जातो, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, पूजा मांडतो, उभ्या ज्वारीत ताकातली आंबील शिंपडतो आणि झाडाखाली जेवतो. ज्याला रान नाही, त्याला रानवाले बोलावतात. माझ्याकडे गॅलरीतली एक तुळस सोडली तर काही उगवत नाही. त्यामुळे मी या सणाचा कायमचा पाहुणा. त्यात मला ‘नाही’ म्हणता येत नाही.

पहिलं आवतण ऑफिसातल्या सहकाऱ्याचं. दुसरं भाजीवाल्या मावशींचं. “दादा, येळवसंला आमच्या रानात यायचं हाय. न्हाय म्हणायचं न्हाय,” असं म्हणत त्यांनी पिशवीत फुकट कोथिंबीर टाकली. फुकटची कोथिंबीर घेऊन माणूस नाही कसं म्हणणार? तिसरं आवतण सासुरवाडीचं, आणि यंदा खरं वजन त्यालाच होतं.

धाकट्या मेहुण्याचं उन्हाळ्यात लग्न झालं. त्याची बायको पुण्यात वाढलेली, ज्वारी तिनं पिठाच्या रूपातच पाहिलेली. येळवसेची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हिरवे दाणे, शेंगा, पालेभाज्या, जे जे रानात असेल ते सगळं बेसनात शिजवलेलं दाट कालवण. ते जमायला हात बसावा लागतो. यंदा सासूबाईंनी पळी सुनेच्या हातात दिली होती. आणि त्या घरात भज्जीचा निकाल देतो जावई, म्हणजे मी. हा मान मी कसा मिळवला? दरवर्षी पहिल्या घासाला “मीठ जरा कमी आहे” असं म्हणून.

बायको दोन दिवस आधीच मदतीला माहेरी गेली होती. तिचा फोन आला.

“पोर घाबरलीय हो. उद्या उपाशी या, पोटभर जेवा आणि मिठाचं नाव काढू नका.”

“मी कशाला काढीन?”

“काढता. लग्न झाल्यापासून काढताय.”

तिन्ही रानं अक्कलकोट रस्त्यावरच. माझा हिशेब साधा होता: पहिल्या दोन ठिकाणी तोंड दाखवायचं, घोटभर आंबील प्यायची आणि पुढे निघायचं. नवी पेठेतून घेतलेला पांढराशुभ्र शर्ट घालून मी स्कूटर काढली.

सहकाऱ्याच्या रानात पोचेपर्यंत पत्रावळी मांडलेल्या होत्या. “साहेब, आंबील पिऊन कुठं पळता? आमची भज्जी काय वाईट हाय व्हय?” झालं. बाजरीच्या पिठाचे दोन उकडलेले उंडे, भज्जी, वर गव्हाची खीर. ऑफिसात माझी फाईल चार चार दिवस अडवणारा हा गृहस्थ, वाढताना मात्र कसा हात मोकळा!

मावशींच्या रानात तर मी सुरुवातीलाच हात जोडले. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “वर्सभर आमची भाजी खाता, अन् आज आमच्या ताटावर बसाय नगं?” मी बसलो, पुन्हा भज्जी खाल्ली. शेंगापोळीवर तूप ओतताना त्या म्हणाल्या, “खावा की. लई वाळलाय तुमी.” माझ्याकडे बघून हे वाक्य वीस वर्षांत कुणी उच्चारलेलं नाही. त्या आनंदात मी आणखी एक पोळी खाल्ली.

सासुरवाडीच्या बांधावर स्कूटर लावली तेव्हा मला वाकून चप्पल काढता येईना. मेहुणा हसत पुढे आला. “दाजी, तुमच्यासाठी पंगत थांबलीय की!” चिंचेखाली फक्त आम्हा दोघांची पानं मांडली होती. बायका मागून बसणार होत्या.

नवी सून भज्जीचं पातेलं घेऊन आली. चेहरा परीक्षेचा पेपर दिल्यासारखा. पळीभर वाढून ती तिथंच उभी राहिली. मागे सासूबाई, त्यांच्या मागे बायको. तिघींची नजर माझ्या घासावर.

मी घास घेतला. खरं सांगतो, त्या घडीला माझ्या जिभेला शेणातला आणि श्रीखंडातला फरक कळला नसता. गळ्यापर्यंत दोन रानं भरलेली होती. पण मनात म्हटलं, आता हात आखडला तर पोरीला वाटेल, भज्जी बिघडली.

“वा!” मी म्हणालो. “अशी भज्जी या रानात झाली नव्हती.”

पोरीचा चेहरा असा खुलला की मला दुसरी पळी घ्यावीच लागली. सासूबाईंचं अर्धं बोलणं कन्नड, पण मला कन्नडमधला एकच शब्द पक्का येतो: ‘साकु’, म्हणजे पुरे. तो मी पाच वेळा वापरला. “लाजत्यात ते. वाढ गं,” असं म्हणत सासूबाईंनी तिसरी पळी घालायला लावली. शेजारी मेहुणा खाली मान घालून मुकाट जेवत होता. मला वाटलं, बायकोच्या कौतुकानं बिचारा गहिवरलाय. मधूनमधून तो लोणच्याला हात घालत होता.

जेवून मी चिंचेखाली आडवा झालो. मग बायकांची पंगत बसली. थोड्या वेळानं तिकडून हसण्याचा असा फवारा उडाला की झाडावरची पाखरं उडाली. सून डोळे पुसत हसत होती, सासूबाई तिच्या पाठीवर थाप मारत होत्या. पुढे ती मला स्वतः आंबील आणून देऊन म्हणाली, “दाजी, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात.” मी नम्रपणे मान हलवली. कशाबद्दल, ते विचारायची ताकद नव्हती.

संध्याकाळी स्कूटरवर बायको मागे बसली. कुंभारी गाव मागे पडलं. मग माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “भज्जीत मीठच नव्हतं. पोर घाबरून घालायचीच विसरली.”

मी ब्रेक दाबला.

“आणि शर्टावर तीन रंगांची भज्जी सांडलीय,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीही आधी दोन घरी जेवूनच या.”