हट्ट्याच्या परण्यात जॅझ

हिंगोली स्टेशनाबाहेर पडताच विनूकाकांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "मातीचा वास!" ते म्हणाले. तो हळदीचा होता. पोत्यांनी भरलेला टेम्पो समोरच उभा होता. मी वहीत 'मातीचा वास' असंच लिहून घेतलं. मी बहुधा गप्पच राहते.

काका जॅझ ड्रमर आहेत. तीस वर्षं मोठ्या हॉटेलांत आणि जहाजांवर, लोक जेवत असताना त्यांनी ड्रम वाजवले. हे वाक्य त्यांनी माझ्या मसुद्यातून दोनदा खोडलं. त्यांचं चरित्र मी, त्यांची पुतणी, लिहिते आहे. आता हॉटेलांत लॅपटॉप वाजतो. पुण्याच्या एका महोत्सवाने अट घातली होती: खेड्यातला अस्सल हलगीवाला सोबत आणा, तरच कार्यक्रम. म्हणून आम्ही हट्टा गावच्या दत्तूभाऊंकडे निघालो.

एसटीत काका पुढच्या सीटच्या दांड्यावर ड्रमच्या काड्या वाजवत होते.

"साहेब, गाडी आधीच खिळखिळी होऊन राहिली," कंडक्टर म्हणाला. "अजून काहून ठोकता?"

"लिहून घे," काका मला म्हणाले. "सामान्य माणसालाही ताल जाणवतो."

औंढ्यानंतर रस्त्याकडेला शिजवलेली हळद वाळत पसरली होती. काका झोपले होते.

हट्ट्यात दत्तूभाऊ काटक्यांच्या जाळावर हलगी (काडीने वाजवायचं चामड्याचं वाद्य) शेकत बसले होते. त्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाता खाता काकांनी त्यांना जॅझ समजावला. "जॅझ म्हणजे ऐकणं. दुसरा कुठे थांबतो, ते ऐकणं."

"बराबर हाय," दत्तूभाऊ म्हणाले. "आता परण्या निघंल. संगं वाजवा. मंग बगू पुण्याचं."

परण्या म्हणजे नवरदेवाची लग्नाआधीची मिरवणूक. काकांनी सोबत आणलेला छोटा ड्रम गळ्यात अडकवला. दहा मिनिटं ते खरंच छान वाजवत होते, हे नाइलाजाने कबूल करते. मग गल्लीच्या वळणावर एक घर आलं. अंगणात सतरंजी, तिच्यावर मुंडण केलेला माणूस आणि चार शेजारी. दत्तूभाऊंनी काडी वर धरली. हलगी थांबली, सनई थांबली, पोरं नाचायची थांबली.

काकांना वाटलं, आपल्याला सोलो दिला, एकट्याने वाजवायला. डोळे मिटून ते सुटलेच.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. मुंडण पाहिलं होतं, काडी पाहिली होती. बाही ओढली असती तरी पुरे होतं. मी वहीत लिहीत होते.

शेवटी दत्तूभाऊंनी येऊन ड्रमवर पंजा ठेवला. "दुखाचं घर हाय, साहेब."

"मला कुणी सांगितलंच नाही!"

"हलगी थांबलेली ऐकू आली न्हाई?"

संध्याकाळी काकांनी पुण्याचं विचारलं. दत्तूभाऊ हलगी फडक्यात गुंडाळत होते. "तुमी एकलेच वाजवता, साहेब. तिथं माझं काय काम?" मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमी तर बगून राहिल्या होत्या. काहून न्हाई सांगितलं?"

मी वही मिटली.

परतीच्या गाडीत काकांनी महोत्सवाला फोन करून नकार कळवला. "यांना जॅझ कळायचा नाही," ते म्हणाले. "तू ते 'उत्स्फूर्त सोलो' असं लिही." मग परभणी येईपर्यंत त्यांनी काड्यांना हात लावला नाही.

मी सगळं घडलं तसं लिहिलं आहे. काका ते खोडतील. 'मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते' हे वाक्य मात्र मीच दोनदा खोडलं, आणि दोनदा परत लिहिलं.