मोटारसायकलचं प्लास्टर

१९ एप्रिल, रविवार. सकाळचे पावणेआठ. मी डॉक्टरांच्या अंगणात पोतं अंथरून बसले आहे. शेजारी पाण्याची बादली, बादलीत भिजत घातलेली पट्टी आणि समोर पेशंट. पेशंट म्हणजे डॉक्टरांची जुनी मोटारसायकल.

"सिस्टर, पाय उचलून धरू का?" डॉक्टरांनी सवयीनं विचारलं.

"तुम्ही फक्त गाडी पडू देऊ नका," मी म्हटलं.

आधी हे सांगते की मी गाड्यांची मेकॅनिक नाही. सोलापुरात हाडांच्या एका दवाखान्यात प्लास्टर रूम सांभाळते. तेवीस वर्षं झाली. मोडलेलं हाड डॉक्टर जागेवर बसवतात, ते जागेवर राहील असं मी बांधते. आमच्या डॉक्टरांचा हात ऑपरेशनला सोन्यासारखा आहे, पण पट्टी बांधायला दिली तर पेशंटचा पाय पोस्टाच्या पार्सलसारखा दिसतो. हे त्यांनाही ठाऊक आहे.

शनिवारी ओपीडी संपल्यावर ते प्लास्टर रूममध्ये आले आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, माझी मे महिन्यातली रजा गेली.

"उद्या सकाळी घरी याल का? एक प्लास्टर आहे."

"कोणाचं?"

"गाडीचं."

प्रकरण असं होतं. मॅडम, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवतात. दोन महिन्यांत त्यांच्या उजव्या पोटरीला दोनदा चटका बसला होता. दोन्ही वेळा याच गाडीचा आणि जवळजवळ एकाच जागी. दुसऱ्या वेळी टरटरून फोड आला. मी स्वतःच ड्रेसिंग केलं होतं. मॅडमनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी गाडीचे चार फोटो काढले, ऑनलाइन जाहिरात टाकली आणि नातेपुत्याचं एक गिऱ्हाईक ठरवून टाकलं. तो सोमवारी सकाळी आठला येणार होता. डॉक्टरांना एवढीच सवलत होती, की रविवारी संध्याकाळपर्यंत मॅडम बिनधास्त बसू शकतील अशी गाडी करून दाखवायची.

ही गाडी डॉक्टरांनी प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी सेकंडहँड घेतली होती. ती विकायची म्हटल्यावर त्यांचं कामात लक्ष लागेना. शनिवारी त्यांनी एका पेशंटला डाव्या हाताऐवजी उजव्या हाताचा एक्स-रे काढायला पाठवलं, तेव्हाच मला शंका आली होती. गाडी गेली तर प्लास्टर रूममध्ये पुढचे सहा महिने काय वातावरण असेल, याचाही मी विचार केला. म्हणून येते म्हटलं.

त्यांनी मागवलेल्या वस्तूचं नाव हीट रॅप. काचेच्या बारीक तंतूंची विणलेली पट्टी, दोन इंच रुंद, तपकिरी रंगाची. इंजिनातून निघणारा पाइप पुढे सायलेन्सरला मिळतो आणि हे सगळं चालताना तव्यासारखं तापतं. त्यावर ही पट्टी गुंडाळली की उष्णता बरीचशी आत राहते. पट्टी ओली करून गुंडाळायची आणि जागोजागी स्टीलच्या क्लिपांनी आवळायची.

"म्हणजे प्लास्टरच की हे," डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

"हातमोजे घाला. काच आहे."

"अहो सिस्टर, मी सर्जन आहे."

त्यांनी घातले नाहीत. पुढचे दोन दिवस त्यांनी मनगटं खाजवली.

पायाची पट्टी आम्ही नेहमी बोटांकडून गुडघ्याकडे बांधतो. मी इथंही मागून पुढे, सायलेन्सरकडून इंजिनाकडे निघाले. डॉक्टरांनी खोक्यातला कागद वाचून सांगितलं, की बरोबर आहे. अशानं प्रत्येक वेढ्याची कड मागे तोंड करते आणि वाऱ्यानं उचलली जात नाही. मला बरं वाटलं. तिथंच मी चुकले. एक गोष्ट जमली म्हणून पुढचा कागद वाचलाच नाही.

आमच्या धंद्यात पट्टी बांधून झाली, की तिच्या आत एक बोट जाईल इतकी सैल ठेवतात. पाय सुजतो. घट्ट बांधली तर बोटं निळी पडतात आणि रात्रभर नातेवाइकांचे फोन येतात. माझ्या हातात हे इतकं मुरलं आहे, की मी पाइपलाही सुजायला जागा ठेवली. शिवाय प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवला, तोही सवयीनं. त्यामुळे रोल इंजिनाच्या एक वीत अलीकडेच संपला. दिसायला मात्र काम असं देखणं झालं होतं, की डॉक्टरांनी फोटो काढला.

"सुरू करू?"

"करा."

गाडी सुरू झाली. मिनिटभरात पट्टीतून वाफ निघाली आणि वाफेपाठोपाठ धूर. पांढरा, दाट, जळक्या वासाचा. नवी पट्टी पहिल्यांदा तापली की असा धूर येतोच, असंही त्या कागदात लिहिलेलं होतं. पण तो कागद शेजारच्या अप्पांनी वाचलेला नव्हता. अप्पा मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे, इथंच शुक्रवार पेठेत त्यांचं भुसार दुकान. ते गच्चीवर दात घासत होते.

"अय्यो डॉक्टर, पेटली की हो गाडी!" असं ओरडत ते खाली धावले. घाबरले की अप्पांना फक्त कानडी सुचतं. "नीरु ता! नीरु ता!" म्हणजे पाणी आण, पाणी आण. त्यांच्या बायकोनं आतून विचारलं, प्यायला की आंघोळीला. तेवढ्यात अप्पांनी आमचीच बादली उचलली.

"अप्पा, थांबा! हे असंच असतं!" मी बादलीची दुसरी बाजू धरली.

"असं कसं असतंय सिस्टर? धूर निघतंय की!"

"पट्टी वाळतेय."

"उन्हात वाळवायचं की मग. आपल्या सोलापुरात उनाला काय तोटा हाय?"

मी बादली त्यांच्या हातातून सोडवून घेतली. अप्पा दोन घरांमधल्या कठड्यापलीकडे गेले आणि त्याला टेकून शेवटपर्यंत बघत राहिले. दुकान उघडायला पोरगा गेला होता म्हणे.

धूर ओसरल्यावर डॉक्टर सात रस्ता चौकापर्यंत एक चक्कर मारून आले. गाडी आत आली तेव्हा माझं देखणं बांधकाम घरंगळलेल्या मोज्यासारखं खाली आलं होतं. एक क्लिप वाटेतच पडली होती.

"सिस्टर, तुमचं प्लास्टर कधी सैल पडत नाही," डॉक्टर म्हणाले. आवाजात थोडा आनंदही होता.

"तुमचा पेशंट सुजला नाही, त्याला मी काय करणार?"

आता मी तो कागद मुकाट्यानं शेवटपर्यंत वाचला. सगळं सोडलं, परत भिजवलं. वेढा वेढ्यावर फक्त बोटभर चढवायचा. पट्टी ताणून धरायची, पूर्ण ताकदीनं. माझे हात मनाविरुद्ध ढिले पडत होते. दर दोन वेढ्यांनी मी स्वतःला बजावत होते, की याला रक्तपुरवठा नाही, याला दुखत नाही, ओढ. डॉक्टरांनी दुसरं टोक धरलं, अप्पांनी कठड्यावरून "आजून वड, आजून वड" म्हणत जोर पुरवला. या वेळी रोल इंजिनापर्यंत पुरला. सहा क्लिपा, प्रत्येक पकडीनं पिळून. धूर दुसऱ्यांदा कमी आला. चक्कर मारून आल्यावरही पट्टी जागेवर होती. साडेदहा वाजले होते, फरशीवर पाय ठेववत नव्हता.

मग मॅडम बाहेर आल्या. हातात पाण्याचा पेला. त्यांनी बोटं बुडवून चार थेंब पट्टीवर शिंपडले. चर्र आवाज आला.

"आधी याच्यापेक्षा मोठा येत होता," डॉक्टर म्हणाले.

मॅडम त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. "सिस्टर, तुम्ही सांगा. माझा पाय याला लागला, तर भाजेल की नाही?"

डॉक्टर मॅडमच्या मागे उभे होते आणि मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होते. सकाळपासूनची मेहनत माझी होती. तेवीस वर्षं पगारही त्यांच्याच दवाखान्यातून घेतला आहे. पण पोटरीवरचा तो फोड मी पाहिला होता.

"भाजेल," मी म्हटलं. "पूर्वीपेक्षा कमी. पण भाजेल."

"सिस्टर!" डॉक्टर म्हणाले.

"झालं मग," मॅडम म्हणाल्या आणि आत जायला वळल्या.

"मॅडम, एक विचारू?" मी म्हटलं. "लागलं कसं?"

आमच्याकडे केसपेपरवर हा पहिला प्रश्न असतो. पडल्यानं लागलं की आपटून, कुठे, काय करताना. त्याशिवाय डॉक्टर पेशंटला हातही लावत नाहीत. मॅडम थांबल्या. जरा विचार करून म्हणाल्या, "उतरताना. दोन्ही वेळा. इथंच."

"इथं म्हणजे अंगणात?"

"मग काय. हे गाडी अशी आणतात आणि थेट भिंतीला लावतात. डावीकडे भिंत. मी काय भिंतीतून उतरू? उजवीकडून उतरते, आणि उजवीकडे हा सायलेन्सर."

मी भिंत आणि गाडी यांच्यातलं अंतर पाहिलं. हात गेला असता, माणूस नाही.

"गेटबाहेर उतरत जा की," डॉक्टर म्हणाले.

"तिथं उतार आहे. आणि तुम्ही थांबवता कुठं? हॉर्न वाजवत आत शिरता."

"पण डॉक्टर, याच बाजूनं का लावता?" मी विचारलं. "तोंड फिरवून लावली तर सायलेन्सर भिंतीकडे जाईल."

डॉक्टर गाडीचं हँडल पुसायला लागले. कठड्यावरून अप्पा बोलले. "मी सांगतो की. ते चकाचक पाइप रस्त्याकडं दिसायला पाहिजे ना डॉक्टरांना. दर रविवारी पॉलिश मारतात. आमच्या दुकानातलं गिऱ्हाईक बी बघत उभं राहतंय."

मॅडमनी डॉक्टरांकडे पाहिलं. गणिताच्या बाई पेपर तपासताना पाहतात तसं.

"या दिखाव्यासाठी माझी पोटरी भाजली?"

"आता कुठं दिसतंय काही," डॉक्टर म्हणाले. "सगळं बांधूनच टाकलंय." ते खरं होतं. तो चकाचक पाइप आता भाजलेल्या वांग्यासारखा दिसत होता.

पुढचं पाच मिनिटांचं काम होतं. गाडी अंगणाच्या मध्यावर थांबवायची, मॅडमनी डावीकडून उतरायचं, मग तोंड फिरवून भिंतीला लावायची. डॉक्टरांनी मॅडमना मागे बसवून पेठेत एक फेरी मारली. मॅडम डावीकडून उतरल्या, सलवार झटकली आणि म्हणाल्या, "बघते." गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून फोन केला का, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पट्टी बांधायला मला तीन तास लागले आणि त्या पट्टीनं अर्धंच काम केलं. उरलेलं अर्धं एका प्रश्नानं झालं, जो डॉक्टर दिवसातून साठ वेळा विचारतात, फक्त घरी विचारायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी परत तिथं गेले. नवं प्लास्टर दुसऱ्या दिवशी तपासायचंच असतं. रॅपही एकदा तापून थंड झाला की बसतो आणि क्लिपा परत आवळाव्या लागतात. मी पकड घेऊन पोत्यावर बसले होते, तेवढ्यात नातेपुत्याचा माणूस आला. आठला दोन मिनिटं कमी होती.

त्यानं गाडीभोवती फेरी मारली. किक मारली, मान तिरकी करून ऐकलं. "आवाज लई ग्वाड हाय," तो म्हणाला. डॉक्टरांचा चेहरा पडला. मग त्याची नजर खाली गेली.

"आन् ह्ये काय बांधलंय?"

"पाय भाजू नये म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"का आतलं भोक दिसू नये म्हनून?" तो मॅडमकडे वळला. "ताई, राग मानू नका. पर बांधलेलं हाय म्हंजी आत गंजलेलं असतंय. एकदा सोडून दावा की. चांगलं निघालं तर आत्ता घेऊन जातो."

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे. पकड माझ्याच हातात होती. सहा क्लिपा तोडल्या असत्या तर पाच मिनिटांत पाइप उघडा. मॅडम "सोडा" म्हणाल्या नाहीत. "सोडू नका" असंही म्हणाल्या नाहीत. पण तेवीस वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांचे चेहरे पाहत आले आहे.

"सहा आठवडे सोडता येत नाही," मी म्हटलं.

"का वो?"

"प्लास्टर आहे."

तो माझ्या पांढऱ्या गणवेशाकडे, मग डॉक्टरांकडे पाहत राहिला. "तुमी हाडांचं डॉक्टर न्हाय का?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"मग न्हाय सोडायचं," तो एकदम गंभीर झाला. "आमच्या भावानं चौथ्या आठवड्यात काढलं व्हतं. आजून वाकडा चालतोय. सहा आठवड्यानं येतो मी."

चहा पिऊन तो गेला. मॅडमनी कप उचलले. "सहा आठवडे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "मग बघू."

मी उरलेल्या दोन क्लिपा आवळल्या, हात धुतले आणि नऊच्या ड्युटीला गेले.