बन्सीच्या नावाची हाक

काष्टीच्या अलीकडे आमची वाडी आणि वाडीच्या तोंडाशी आमची दूधसंस्था. मी तिचा सेक्रेटरी. दुधाचा वास घ्यायचा, लॅक्टोमीटर सोडायचा, माप घ्यायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं रोजचं काम. दुधात पाणी निघालं की लॅक्टोमीटर खोटा आणि मी त्याहून खोटा, अशी वाडीची पक्की समजूत होती.

मी सभासदाचं नाव पुकारायचं, त्यानं ओ द्यायची आणि मग किटली उघडायची, अशी आमची पद्धत. "बन्सी सहादू!" अशी हाक मारली की रांगेतून बाईचा आवाज यायचा, "हाय जी." ही बन्सीची बायको मालनबाई. बन्सी दुष्काळाच्या साली ट्रकवर क्लीनर म्हणून सुरतेकडे गेला. दुष्काळ सरला, सरकारी सुकडी खाऊन जगलेली पोरं पुन्हा शाळेत जाऊ लागली, पण बन्सी काही आला नाही. ना निरोप, ना पत्ता. लोक त्याच्याबद्दल नाही नाही ते बोलायचे. मालनबाई आपली म्हशीचं बघायची.

एकदा घाईघाईत मी न पुकारताच तिचं दूध ओतून घ्यायला लागलो. तिनं किटलीच्या तोंडावर हात ठेवला.

"भाऊ, नाव ऱ्हायलं."

"अवो वैनी, तुमी समोरच हुभ्या हाये की!"

"मी हाय. नाव घ्या."

रांग हसली. मला मात्र तेव्हा कळलं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासू-सासरे गेलेले, मूलबाळ नाही. बन्सीचं नाव मोठ्यानं घेणारा अख्ख्या वाडीत मी एकटा उरलो होतो. ती दूध घालायला येत होती खरी, पण तिचा जीव त्या हाकेत अडकला होता.

त्या वर्षी तालुक्याच्या संघानं गुणवत्तेचं खूळ काढलं. खूळ म्हणतो खरा, पण मला ते मनापासून आवडलं होतं. कास कोमट पाण्यानं धुवा, किटली सोड्यानं घासून उन्हात पालथी घाला, दूध स्वच्छ फडक्यातून गाळा. नियम पाळणाऱ्या संस्थेला ढाल आणि सगळ्यात चांगलं दूध घालणाऱ्याचा वार्षिक सभेत सत्कार. मालनबाईच्या दुधाला तोड नव्हती. ते कधी नासलं नाही, कधी त्याचं फॅट उतरलं नाही. संघाचे साहेब म्हणाले, सत्कार राबणाऱ्याचाच व्हायला हवा, तेव्हा सभासदत्व बाईंच्या नावावर करून घ्या. मी हरखलो. बाईचा असा सत्कार आमच्या भागात कुणी ऐकला नव्हता. तडक तिच्या घरी गेलो.

ती म्हशीपुढे कडबा टाकत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग सकाळी कुनाचं नाव घ्याल?"

"तुमचंच की. मालनबाई."

"आन् त्यांचं?"

"कागदावर तुमच्या नावाच्या मधी ऱ्हाईलच."

"मधी तर मेलेल्याचंबी ऱ्हातं, भाऊ." ती माझ्याकडे वळली. "हाक जित्या मानसाला मारत्यात."

मी तसाच परत फिरलो. पण संघाच्या तपासणीची तारीख ठरून गेली होती, आणि खरं सांगायचं तर ढालीचा मोह मलाही होता, म्हणून नाव बदलायचा विषय मी सोडला नाही.

ठरल्या दिवशी साहेब आले आणि रांगेपुढे उभे राहून मालनबाईला एकेक विचारू लागले. कास धुता? "धुती." किटली उन्हात घालता? "घालती." शेवटी त्यांनी हसत विचारलं, "आणि पाणीबिणी नाही ना घालत दुधात?"

"घालती की."

साहेबांनी वही उघडली.

"थेंबभर. घराभाईर दूध निघताना पान्याचा थेंब पडाया लागतो. न्हाईतर म्हशीला नजर लागती."

आता हे काही तिचं एकटीचं नव्हतं. बोट बुडवून थेंब सोडल्याशिवाय वाडीतली एकही किटली उंबरा ओलांडत नव्हती. त्या थेंबानं लॅक्टोमीटरला काही कळतही नाही. पण हे साहेबाला सांगायचं नसतं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मालनबाईला ठाऊक नव्हतं? मी नाही मानत. साहेबांच्या नजरेला नजर देऊन बोलली होती ती.

साहेबांना कायदा ठाऊक, म्हैस नाही. भेसळीची कबुली धरून त्यांनी तिचं दूध आठवडाभर बंद केलं. सत्कार वाडीतले बडे सभासद आप्पासाहेब यांचा ठरला. त्यांच्या घरचा थेंब सोडणाऱ्या त्यांच्या पत्नी राहीबाई पदर पुढे ओढून मागेच उभ्या होत्या. नाव बदलण्याचा विषय तिथंच संपला. मला मालनबाईचा असा राग आला म्हणता! चालून आलेला मान घालवला, दूध बंद करून घेतलं, संस्थेची ढाल धोक्यात आणली. कशासाठी, तर एका परागंदा नवऱ्याच्या नावासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रांगेत हजर. किटली रिकामी, घासून लख्ख केलेली.

"वैनी, तुमचं दूध बंद हाय," मी तिरसटपणे म्हणालो.

"दूध नगं घिऊ, भाऊ. नाव तेवढं घ्या."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी जोरात पुकारलं, "बन्सी सहादू!" सगळी रांग तिच्याकडे बघत थांबली. त्या दिवशी तिनं ओ दिली नाही. ट्रक यायचे त्या मोठ्या रस्त्याकडे तोंड करून ती उभी राहिली आणि जरा वेळानं मला म्हणाली, "आजून येकदा घ्या."