बांयचे अकरा आकडे

फोन आला तेव्हा मी बांयवरच होते, म्हणजे आमच्या विहिरीवर, टेप पाण्यापर्यंत सोडलेली, आणि पलीकडून मॅडमांची विद्यार्थिनी प्रज्ञा रडत होती. सुलभा मॅडम गेल्या. हार्ट अटॅक. मी टेप तशीच धरून उभी... आकडा बघितला पण, वहीत लिहिला पण. मग खाली बसले.

त्याला महिना झाला. मी आठवीपर्यंत शिकलेली, पेपरात कधी लिहिलेलं नाही. पण लिहिते.

मॅडम विद्यापीठातल्या. डिचोलीत खाणीजवळच्या विहिरींचं पाणी किती वरखाली होतं ते तीन वर्षं मोजायचं, असा त्यांचा प्रकल्प, सरकारने निधी दिलेला. आमच्या वाड्यावर टेप नि वही त्यांनी माझ्या हातात दिली. सासूबाय म्हणाली, "हिला? हिला मीठ मापात घालता येत नाय!" मॅडम हसल्या, "मिठाचं तुम्ही बघा आई, पाण्याचं ही बघेल." माझ्याबद्दल असं कोण कधी बोललंच नव्हतं. मला एकच सांगितलं, "दिसलं तेवढंच लिही गो. एखाद दिवस जमलं नाही तर रिकामं ठेव. रिकामं चालतं, अंदाज चालत नाही."

मग बाळ झालं. आमच्याकडे सुवेर, म्हणजे सोयर, असेपर्यंत, अकरा दिवस, बाळंतिणीने बांयकडे जायचं नाही, बाराव्याला बांय पूजायची नि मगच पाण्याला हात. सासूबायला आकडे वाचता येत नाहीत, नवरा ट्रकवर. मला भीती वाटली, रिकामी वही बघून मॅडम टेप दुसऱ्या घरी देतील. म्हणून खोलीत पडल्या पडल्या मी रोज आदल्या दिवसाचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहिला. बाहेर सासूबाय ओरडायची, "दोर पुरत नाय गो, पाणी खाली गेलां!" मी ऐकत होते... आणि लिहीत होते.

नेमके त्याच दिवसांत खाणीतलं पाणी उपसायला पंप लागले होते. मॅडमांना तेच तर बघायचं होतं. बाळाला कुंची घेऊन आल्या, वही चाळली, विचारलं, "हे सगळे तूच बघितलेस?" मी म्हटलं, "होय तर."

पुढे गावच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, या बांयत पंपामुळे लगेच फरक पडल्याचं दिसत नाही. मागून एकजण ओरडला, "मॅडम, तुमची वही सुकली नाय, आमची बांय सुकली!" सगळे हसले. मॅडमांचं तोंड एवढंसं झालं. मी कोपऱ्यात, बाळ झोपलेलं तरी पदराखाली धरून पाजते असं दाखवत. उठून एक वाक्य बोलायचं होतं... नाही बोलले. जाताना त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला, म्हणाल्या, "तू मोजत राहा हां." तीच शेवटची भेट.

परवा प्रज्ञा वही न्यायला आली, अहवाल आता ती पुरा करणार. मी दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात. तिने वहीतली ती पानं काढली. मग म्हणाली, "वहिनी, बैठकीनंतर मॅडम ते पंपाचे दिवस पुन्हा पुन्हा तपासत होत्या. माझंच गणित चुकलंय म्हणायच्या." तिने पेन पुढे केलं. मी अकरा आकड्यांवर रेघ मारली, प्रत्येकापुढे लिहिलं, 'बघितलं नाही', खाली सही केली. सही वाकडी आली.

वही ती घेऊन गेली, टेप राहिली. दारामागच्या खिळ्याला आहे. आज सकाळी बाळ तापाने फणफणलेलं, अंगावरून खाली ठेवू देईना, बांयवर जाणं झालंच नाही. नवीन वही उघडली, तारीख घातली, आणि पुढे रिकामं ठेवलं.