झाडावरचा मारुती

चंद्रामावशींच्या लेखी वाईट पत्ता असा नव्हताच. औंढ्याला नागनाथाच्या देवळामागे घराच्या ओट्यावर त्या देवादिकांच्या चित्रांचे पत्ते मांडून बसत आणि लोकांचं भविष्य सांगत. धंदा मूळ नवऱ्याचा. नवरा गेला, पुढे पत्ते ओढणारा पोपटही गेला. रिकाम्या पिंजऱ्यात मावशींनी लसूण ठेवला आणि येणाऱ्या माणसालाच सांगायला लागल्या, "आता तुमीच पोपट व्हा. डोळे मिटा अन् वढा एक."

हरिश्चंद्राचं स्मशानातलं चित्र निघालं की माणसाचं तोंड उतरायचं. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या एकाला नेमकं तेच निघालं. मावशींनी पत्ता उभा धरला, आडवा धरला आणि म्हणाल्या, "राज्य गेलं, बराबर हाय. पण शेवटाला काम लागलं का न्हाई त्याला?" तो बिचारा हसत उठला. "चित्र अर्धं बघून उठू नये," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. मला ते सगळं थोतांड वाटायचं, आणि तरी शेजारच्या आमच्या खिडकीतून मी ते रोज ऐकायचे.

कारण दुसरं काही करायला नव्हतं. दुष्काळात विहिरीच्या कामावर दरड कोसळून माझा नवरा गेला, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मूलबाळ नव्हतं. सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. पण उंबऱ्याबाहेरही जाऊ दिलं नाही. पाण्यालासुद्धा त्याच जायच्या. माहेरी पुसेगावला धाडायचं म्हटलं की डोळ्याला पदर लावायच्या. "तू गेली तर त्याचं काय ऱ्हायलं या घरात?" भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्या घरात माझा जीव गुदमरत होता, हे मी भिंतीलाही सांगितलं नव्हतं.

अशात माझे वडील आले. परभणीला नर्सबाईच्या शिक्षणासाठी माझं नाव लागलं होतं आणि आठवडाभरात हजर व्हायचं होतं. सासऱ्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. आत्याबाईंनी मावशींच्या ओट्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "पत्ता काढू. देव म्हणंल तसं."

माझं आयुष्य पत्त्यावर ठरणार याचा मला संताप आला. पण गेले. डोळे मिटून पत्ता ओढला आणि तशीच मान खाली घालून बसले. "काय निघालं?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांना मोतीबिंदूमुळे धूसरच दिसायचं.

"सीतामाय. अशोकवनातली."

"झालं तर मग," आत्याबाई उसासल्या. "बसून ऱ्हा म्हणतोय देव. बाईच्या नशिबी बसणंच हाय."

मावशी मात्र पत्ता फिरवून फिरवून पाहत होत्या. "बसलीय व्हय. रडून बी राहिली. पण वर झाडावर कोण हाय?"

"कोण?"

"मारुती. राम येईल असं मी म्हणत न्हाई बाई, ज्याचं त्यानं समजावं. पण निरोप्या येऊन बसलाय. आता त्याला हाकलायचं का ऐकायचं, ते तुमी ठरवा."

आत्याबाईंनी मुलगा गेल्यावर सगळे देव सोडले होते, एक मारुती तेवढा ठेवला होता. शनिवारचं तेल त्यांनी कधी चुकवलं नाही. त्यांनी पत्त्याला हात जोडले आणि कपाळ टेकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक स्वतः पुसून काढली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मावशींच्या पाया पडायला गेले आणि तो पत्ता मागितला. सीता होती, भोवती राक्षसिणी होत्या, झाड होतं. झाडावर कोणी नव्हतं. वरच्या फांदीशी तेलाचा एक तांबूस डाग होता, बस.

"मावशी, यात मारुती कुठंय?"

"न्हाई त्याच्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "छापणाऱ्यानं काढलाच न्हाई. पण सीतेला तरी कुठं दिसला व्हता? तो येऊन बसला, तवा ती बी मान खाली घालूनच बसली व्हती."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी विचारलं, "तुमी स्वतःसाठी कधी काढता का पत्ता?"

त्यांचा खुबा मोडून बरीच वर्षं झाली होती. सून सकाळी उचलून ओट्यावर ठेवायची, दिवेलागणीला आत न्यायची. त्यांनी पत्ता माझ्या हातातून घेतला. "काढते की. हीच येते पुष्कळदा. दुसऱ्याला सांगताना मला मारुती बराबर दिसतो. माझ्यासाठी काढला की डाग दिसतो." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "काहून रडून राहिली? जाय. सकाळची गाडी चुकंल."

परभणीत वर्ष पुरं व्हायच्या आत त्या गेल्याचं कळलं. परीक्षा चालू होती, जाता आलं नाही. मी वॉर्डातल्या पांढऱ्या पडद्याआड उभी राहून रडून घेतलं. मला त्या ओट्यासमोरून उठवून वाटेला लावणारी बाई त्याच ओट्यावर शेवटपर्यंत बसून राहिली. तिच्या झाडावरही मारुती आहे, हे तिला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि आम्हां कोणालाच ते सुचलं नाही.